गोधडीला लागणारी जागा

चैत्र अर्धा सरला की आमच्या दाराशी गाठोडी यायला लागतात. सोसायटीतल्या बायका आणून देतात, शेजारच्या सूस गावाहून कुणी दुचाकीवर पायांशी गाठोडं ठेवून येतं. गाठ सोडली की आधी वास बाहेर पडतो. डांबरगोळ्यांचा, कपाटातल्या लाकडाचा, कधी नुसताच बंद राहिल्याचा. मग साड्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत, काठ तेवढे अजून ताठ. आणणारी बाई त्यातली एखादी बाजूला काढते, परत ठेवते, पुन्हा काढते. ती बहुतेक आईची असते. मी घाई करत नाही. टेप गळ्यात अडकवून उभी राहते आणि तिचं ठरेपर्यंत खिडकीबाहेर बघते. पार्किंगमध्ये राखलेला एक आंबा आहे, त्याला या दिवसांत कैऱ्या लागलेल्या असतात आणि वॉचमन त्यांच्यावर लक्ष ठेवून असतो.

हवा कोरडी असते. गोधडीला अशीच हवा लागते. पावसाळ्यात शिवलेली गोधडी आतून कुबट राहते ती राहतेच, कितीही ऊन दाखवा. म्हणून आमच्याकडे हे काम उन्हाळ्याचं. रब्बी निघालेली, शेतं मोकळी, दुपारी करायला काही नाही आणि झोपही येत नाही, अशा दिवसांतलं.

आमची शेती नांदे गावात होती. आता तिथं इमारती आहेत आणि त्यांतल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. हॉल, स्वयंपाकघर आणि झोपायची एक खोली. मुलगा नोकरीमुळे बाहेरगावी. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते, लग्न झाल्यापासून.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला गोधडीवर बसवलं होतं. सारवलेल्या अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर थर, त्यावर चांगल्यातलं पातळ, चार कोपऱ्यांवर चार दगड. चार बाजूंना चार बाया. आत्याबाई उगवतीच्या बाजूला. टाके काठापासून सुरू व्हायचे. एक ओळ पुरी झाली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी. ओळी आत सरकायच्या तशा आम्हीही आत सरकायचो. गोधडी जागची हलायची नाही. माणसंच तिच्यावरून पुढे जायची. सुरुवातीला एकमेकींना हाका मारून बोलावं लागे. मधोमध येईपर्यंत डोक्याला डोकं लागायचं आणि आवाज आपोआप खाली यायचा. काठावर असताना बाजारभाव आणि भावकीतली भांडणं. मध्यावर आलं की कुणाला सासरी नीट वागवत नाहीत, कुणाला दिवस गेले होते ते टिकले नाहीत, असली बोलणी. नवी सून म्हणून मी नुसती ऐकायची. त्या घराबद्दल मला जे काही कळलं ते गोधडीच्या मध्यावर कळलं.

अगदी शेवटचे टाके उरले की आत्याबाई ओच्यातून चार दाणे तांदूळ काढून आत सरकवायच्या. गोधडी उपाशी ठेवू नये, ती रात्रभर माणसाला पांघरून बसते, असं त्यांचं म्हणणं. मग ते तोंड शिवून टाकायचं.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी केली. आलेला माल मोजून घ्यायचा, हे काम. कागदावर लिहिलंय तेवढं असेलच असं धरायचं नाही, आपण मोजायचं. ती सवय अंगात राहिली. घरात डाळ भरतानासुद्धा माझा हात डब्याची रेघ बघतो. हे चिडवतात, पण मोजलेलं असलं की मला बरं वाटतं. कमी असलं तरी चालतं, किती कमी ते माहीत हवं.

नोकरी सुटल्यावर गोधड्याच माझ्या हातात राहिल्या. हॉलमध्ये सोफा सरकवून, गोधडी अर्धी दुमडून, एकटीच हातानं शिवायची. आत्याबाई त्यांच्या खाटेवरून सुईत दोरा ओवून द्यायच्या, मग नजर कमी झाल्यावर नुसत्या सूचना द्यायच्या. आणि मग माझा उजवा हात बधिर व्हायला लागला. पहाटे उठले की बोटं दुसऱ्याची असल्यासारखी. डॉक्टरांनी सुई बंद सांगितली. मशीन चालेल म्हणाले.

त्या उन्हाळ्याची ही आठवण. गाठोडी येऊन पडली होती आणि मी मशीन शोधत होते.

पुण्यात एका दुकानात खास गोधड्या-रजया शिवायचं मशीन बघितलं. लांबलचक लोखंडी चौकट, तिच्यावर गोधडी ताणून बसवायची आणि मशीनच तिच्यावरून पुढेमागे फिरवायचं. मला ते बघताक्षणी कळलं. ते आमचं अंगण होतं. कापड स्थिर, काम करणारं फिरतं. दुकानदारानं विचारलं, जागा किती आहे. मी हॉलची लांबी-रुंदी फूट आणि इंचांत सांगितली. त्यानं एकदा चौकटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा मागवला.

मग उरलं टेबलावरचं मशीन. दिसायला साध्या शिलाई मशीनसारखंच, फक्त त्याचा हात लांब. सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामधली मोकळी जागा, तीच काय ती बघायची असते, हे मी तीन-चार दुकानं हिंडून शिकले. गोधडीची गुंडाळी करून त्या जागेतून सरकवावी लागते. लग्नात मिळालेल्या माझ्या पायमशीनमध्ये ती वीतभरही नव्हती. या मशीनमध्ये अकरा इंच. शिवाय खालचा आणि वरचा थर बरोबरीनं पुढे नेणारा, सुईशी बसवलेला खास पाय होता, नाहीतर वरचं कापड पुढे पळतं आणि चुण्या पडतात. टेबलं दोन प्रकारची. एक लहान, पावणेचार फुटांचं. दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी फळ्या, उघडल्या की ऐसपैस.

कागदावर काढलेल्या चौकोनावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून घरी आल्यावर मी रांगोळीनं फरशीवरच आखलं. शेतात चुन्याच्या फक्कीनं आखायचो तसं. आधी लहान टेबल, मग मोठं. मोठ्याची रेघ खिडकीखालच्या खाटेशी जाऊन अडली. अर्धवट आखलेलं मला सोडवत नाही. मी वाकून खाटेखालून रेघ पलीकडे नेली आणि चौकोन पुरा केला.

आत्याबाई खाली बाकावर गप्पा मारून वर आल्या. नऊवारीचा घोळ उचलून, एकही रेघ न मोडता, खाटेवर जाऊन बसल्या. पाय वर घेतले. खाली वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "ही रेघ माझ्या खालनं गेलीया."

मी सांगितलं की नुसतं बघत होते, मोठं टेबल बसत नाही, लहानच घेणार आहे. ते खरं होतं. ओल्या फडक्यानं सगळं पुसलंही. पण रांगोळी पुसली तरी फरशीच्या सांध्यात पांढरं राहतं, आणि आत्याबाईंची नजर जवळचं बघायला कमी असली तरी लांबचं त्यांना नीट दिसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कासारसाईला फोन लावायला सांगितला. धाकटे भाऊजी तिथं राहतात, धरणाच्या जवळ, त्यांचं बैठं घर आहे, पुढं अंगण आहे. ते आईला कधीचे बोलावत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी पिशवी भरायला घेतली. ह्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "धाकट्याकडं मोकळं हाय. हितं मी नुसती जागा आडवून बसलीया."

हे फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, मशीन राहू दे. मी हो म्हणणारच होते. पण आत्याबाईच त्यांच्यावर भडकल्या. "राहू दे? तिच्या हाताच्या जागी काय तू शिवनार हायेस?"

त्या गेल्या. रागानं नाही. जाताना मला कुंकू लावलं, खाटेवरची चादर स्वतः घडी केली. खाट घडीची होती, ती आम्ही गॅलरीत उभी केली. त्यांच्या जागी लहान टेबलावरचं मशीन आलं. ह्यांनी टेबलाचे स्क्रू आवळून दिले, मी पातळी दाखवणाऱ्या बुडबुड्याच्या बाटलीनं टेबल सपाट आहे का ते पाहिलं. सपाट होतं. हॉल एकदम मोठा वाटायला लागला. इतकी वर्षं हवी असलेली जागा झाली होती, आणि मी मशीनवर न बसता स्वयंपाकघरातच काहीबाही करत राहिले.

पहिली गोधडी आत्याबाईंच्याच दोन जुन्या लुगड्यांची घ्यायची असं ठरवलं होतं. दुसऱ्याच्या साड्यांवर हात शिकायचा नाही. थर जुळवले, टाचण्या लावल्या आणि काठापासून सुरुवात केली. दुसरीकडून सुरुवात करता येते हे माझ्या मनातही आलं नाही. काठ झाला, आतली ओळ झाली, तिच्या आतली झाली. मशीन सुरेख चाललं होतं. टाके एकसारखे, हाताचे कधी इतके सारखे आले नव्हते. पण जसजशी आत आले तसतसं मध्ये कापड जमत गेलं. हातानं शिवताना दर टाक्याला आपण कापड नकळत चापून बसवत असतो. मशीन तसं करत नाही. ते जरासं कापड पुढे ढकलतच जातं, आणि चारही बाजू शिवून बंद केल्यावर त्या ढकललेल्या कापडाला जायला वाटच राहत नाही. शेवटी गोधडीच्या पोटावर हा एवढा फुगा आला.

त्यात दुसरं दुखणं. गोधडी टेबलावरून डावीकडे खाली लोंबायची आणि तिच्या वजनानं सुईखालचं कापड ओढलं जायचं. मी खुर्ची लावली, ती पडली. इस्त्रीचं टेबल लावलं, तेही पडलं. हे ऑफिसहून आले की डाव्या बाजूला उभे राहून गोधडी धरायचे, पण उभ्या माणसाचा हात अवघडतो आणि अवघडला की तो ओढतो.

मग मी थांबले आणि विचार केला. अंगणात गोधडी बसून असायची आणि आम्ही हिंडायचो. इथं मी बसून होते आणि गोधडी हिंडत होती. मी मशीनची जागा अर्ध्या इंचापर्यंत मोजली होती. गोधडीला हिंडायला लागणारी जागा मोजलीच नव्हती. म्हणजे सुरुवात मधून करायला हवी, म्हणजे सरकलेलं कापड बाहेर निघून जाईल. आणि मशीनच्या डाव्या अंगाला काहीतरी हवं, रुंदी तीनेक फूट, लांबी सहा, न पडणारं, गोधडी ज्याच्यावर जाऊन विसावेल असं.

मी घरभर बघत हिंडले आणि गॅलरीच्या दाराशी येऊन उभी राहिले.

खाट आत आणली. भिंत दहा फुटांची. पावणेचार आणि सहा, वर तीन इंच उरले. खाट डावीकडे, टेबल उजवीकडे, जणू कुणी मापं घेऊन केलं होतं. फक्त उंचीचं जमेना. खाट अठरा इंच, टेबल अठ्ठावीस. गोधडी टेबलावरून उतरताना त्या दहा इंचांत पुन्हा ओढली जायची. उशा ठेवल्या तर गोधडीबरोबर उशाही घरंगळायच्या. पायांखाली विटा देणं सोपं होतं. पण विटांवर चढवलेल्या खाटेवर आत्याबाईंना बसता येणार नाही, असं मनात आलं. त्या घरात नव्हत्या, तरी मी विटा आणल्या नाहीत.

त्या रविवारी ह्यांना म्हटलं, कासारसाईला जाऊ. फुगलेली गोधडी तशीच पिशवीत घातली. टेप तर असतोच.

आत्याबाई अंगणात चिंचेच्या सावलीत बाजेवर बसल्या होत्या. समोर कोंबड्या. धाकट्या जाऊबाई मनानं फार चांगल्या, सासूला इकडची काडी तिकडे करू देत नाहीत. आत्याबाई बऱ्या होत्या, गालांवर जरा तजेलाही होता, आणि त्यांच्या दोन्ही हातांना काही काम नव्हतं. ते हात मांडीवर असे ठेवलेले मी कधी पाहिले नव्हते. मी गोधडी त्यांच्यापुढे पसरली. त्यांनी तळवा फिरवला, मध्यावर आल्यावर थांबल्या, थोपटलं.

"आगं, ही पोटुशी दिसतीया," म्हणाल्या.

जाऊबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. ह्यांनाही हसू आवरेना. आत्याबाईंनी मग एकेक विचारलं. मी मधून सुरुवात करायचं सांगितलं ते त्यांना मुळीच पटलं नाही. उभ्या जन्मात काठापासनं शिवत आले, मधनं कुटं सुरवात करत्यात व्हय, असं बराच वेळ चाललं. मी वाद घातला नाही. खाटेचं सांगितलं. टेबलाच्या डाव्या अंगाला खाट लागते, पण नुसती खाट पुरत नाही, गोधडी मांडीवर घेऊन पुढे सोडणारं माणूस लागतं.

त्यांनी फुग्यावरून पुन्हा हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शालन, मला न्यायला आलीस म्हनून सांगतीस, का खरंच लागतंय?"

मला गोड बोलता येत नाही. मी टेप काढला. बाजेची उंची मोजली, आमच्या खाटेएवढीच, अठरा इंच. त्यांना मांडी घालून बसा म्हटलं. जमिनीपासून त्यांच्या मांडीवरच्या पदरापर्यंत टेप धरला, वाकून आकडा वाचला.

"सव्वीस," मी म्हटलं. "टेबल अठ्ठावीस आहे. दोन इंच कमी पडतायत."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. नुसतंच त्यांना घरी न्यायचं असतं तर मी बरोबर अठ्ठावीस सांगितलं असतं, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. इतकी वर्षं मला डाळ मोजताना बघितलंय त्यांनी.

"मग दोन इंचाला बुडाखाली एक वाकळ घालीन की," म्हणाल्या, आणि पाय खाली सोडून चपला शोधायला लागल्या.

भाऊजींना वाईट वाटलं. पुढचे काही दिवस ते रोज फोन करून आईला परत बोलवायचे. एकदा मशीन चालू असतानाच फोन आला. आत्याबाईंनी मला थांबायची खूण केली, फोन कानाला लावला आणि ठसक्यात सांगितलं, "मी हितं कामावर हाय. रजा न्हाई मिळत." तिकडून भाऊजी हसले असावेत. त्या हसल्या नाहीत.

मधून सुरुवात करण्यावर मात्र त्या अडून होत्या. अडचण टाक्यांची नव्हतीच, तांदळाची होती. मध्य आधीच शिवून टाकला तर दाणे घालायचे कुठे? काठाला घातले तर ते काय पोट झालं? मी उत्तर शोधत बसले. त्यांनीच मग ओच्यात हात घातला आणि दाणे आधीच मध्यावर ठेवले, वर थर ओढून घेतला. "आदी जेवू घालू," म्हणाल्या, "मंग कामाला लावू." त्या दाण्यांभोवती मी बोटभर अंतर सोडून पहिली ओळ घातली, सुई मोडू नये म्हणून. तेव्हापासून आमची प्रत्येक गोधडी जेवूनच सुरू होते.

फुगलेली पहिली गोधडी अजून आहे. उसवायला घेतली होती. आत्याबाईंनी काढून घेतली. फुगा बरोबर गुडघ्यांवर येतो, ऊब राहते म्हणतात.

आता या उन्हाळ्यात त्या पूर्वीपेक्षा वाकल्यात. मांडी घालून बसल्यावरची उंची मी पुन्हा मोजलेली नाही. एका वाकळेच्या दोन झाल्यात एवढं मला दिसतं. त्यांचं काम तसं सोपं. मशीनमधून आलेली गोधडी मांडीवर घ्यायची, वाट बघायची, आणि मी पुढे जायला लागले की सोडायची. पण ते कधी सोडायचं हे त्यांना मशीनच्या आवाजावरून कळतं. वळणावर मी गती कमी करते तेव्हा त्यांचे हात आधीच सैल झालेले असतात. मध्ये आम्ही बोलतो. अंगणातल्यासारखं जवळ जवळ येत नाही बोलणं, उलट मध्यावर सुरू होऊन काठाकडे जातं. आधी जवळचं, जिव्हारीचं. मग हळूहळू वाढीव वीजबिल, पाण्याचा टँकर, वॉचमनच्या कैऱ्या.

काल दुपारी सूसच्या बाईंची गोधडी घेतली होती. शेवटच्या काही ओळी राहिल्या होत्या. पंखा चालू होता, पडदा ओढलेला. एका वळणानंतर कापड जड लागलं. ओढलं तर येईना. मी पेडलवरून पाय काढला, सुई कापडातच ठेवली आणि डावीकडे बघितलं. आत्याबाई बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. गोधडीचा जवळजवळ सगळा पसारा त्यांच्या अंगावर जाऊन बसला होता, छातीपर्यंत. वर कुणाच्या तरी आईची निळी इरकल. दोन्ही मुठींत तिचा काठ घट्ट धरलेला.

टाके ओढले गेले होते. ओळ वाकडी आली होती, चांगली वीतभर. एरवी मी तेवढी लगेच उसवते. मी खुर्चीत मागे टेकून बसले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता आणि त्यांचा श्वास. गोधडी त्या श्वासानं वरखाली होत होती आणि सुईजवळचं कापड अगदी थोडं, केसभर, हलत होतं.

"थांबलीस का गं?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दोरा संपलाय.

"मंग घाल," म्हणाल्या. "मी जागी हाय."

रिळावर दोरा भरपूर होता. त्यांच्या मुठी सैल होईपर्यंत मी दुसरं रीळ शोधत राहिले.